छोटे वाङ्मयीन नियतकालिक कसे काढावे: हिशेब तिसऱ्या अंकापासून

कथा, कविता आणि चित्रे यांना वाहिलेले एखादे छोटे नियतकालिक स्वतःच्या हिमतीवर काढावे, असे मराठीत प्रत्येक पिढीतील काही जणांना वाटत आले आहे. १९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढून, प्रसिद्ध केले, १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले, आणि पुढे अशी इतकी पत्रे निघाली व बंद पडली की त्यांच्यासाठी ‘अनियतकालिक’ हा शब्दच रूढ झाला. त्या शब्दात थोडी ऐट होती आणि थोडा नाइलाजही होता. दुसरीकडे पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये धुळ्याहून सुरू केलेले ‘कवितारती’ किंवा गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून चालवलेले ‘अस्मितादर्श’ यांच्यासारखी, मुंबई-पुण्याबाहेर राहून वर्षानुवर्षे टिकलेली नियतकालिकेही आपल्यासमोर आहेत.

मी स्वतः काही वर्षे एका जिल्ह्याच्या गावाहून असे छोटे नियतकालिक काढले आहे. नव्याने काढू इच्छिणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, हिशेब तिसऱ्या अंकापासून मांडावा. पहिला अंक मित्रांच्या उत्साहावर आणि कोणाच्या तरी बोनसवर निघतो. दुसरा पहिल्याच्या कौतुकावर निघतो. तिसऱ्याच्या वेळी कौतुक संपलेले असते, मित्रांच्या बदल्या झालेल्या असतात, आणि पहिल्या अंकासाठी साहित्य पाठवून अद्याप उत्तर न मिळालेले चाळीस लेखक मनातून दुरावलेले असतात. म्हणून पृष्ठसंख्या, प्रतींची संख्या, वर्गणी आणि उत्तर देण्याची मुदत यांपैकी काहीही ठरवताना ‘हे तिसऱ्या अंकाच्या वेळी जमेल का?’ असा प्रश्न स्वतःला विचारावा.

वेळापत्रक आणि दिवाळी

मराठीत वाङ्मयीन वर्षाचा मध्यबिंदू दिवाळी हा आहे. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून लेखकांच्या, चित्रकारांच्या आणि छापखान्यांच्या कामाची लय त्याभोवती बसत गेली आहे. जूनपासून चांगले लेखक दिवाळी अंकांच्या मागण्यांमध्ये गुंतलेले असतात, आणि गणपतीनंतर छापखान्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांत तुमचा तीनशे प्रतींचा अंक यंत्रावर चढेल, अशी आशा धरू नये. त्रैमासिक काढायचे असेल तर जानेवारी आणि एप्रिल असे दोन स्वतंत्र अंक काढून, जुलै-डिसेंबरचा जोडअंक दिवाळीची धामधूम सुरू होण्याआधी, म्हणजे जुलैतच हातावेगळा करावा. जोडअंकाची वहिवाट मराठीत जुनी आहे आणि वर्गणीदार तिच्यावर रागावत नाहीत, फक्त तसे वर्गणी घेतानाच सांगितलेले असावे. या वेळापत्रकाचा आणखी एक फायदा आहे. दिवाळी अंकांकडून परत आलेले साहित्य नोव्हेंबरात तुमच्याकडे येऊ लागते आणि त्यात कधीकधी अतिशय चांगले काही सापडते, कारण ते परत येण्याचे कारण अनेकदा त्याची लांबी किंवा ऐनवेळी वाढलेल्या जाहिराती एवढेच असते.

साहित्य मागवणे, वाचणे आणि नाकारणे

साहित्य मागवण्याचे निवेदन अर्ध्या पानाचे, पण निःसंदिग्ध असावे. कथा किती शब्दांपर्यंत, एका वेळी कविता किती, चित्रे कोणत्या स्वरूपात, मजकूर युनिकोडमध्ये हवा की हस्तलिखितही चालेल, मानधन किती आणि उत्तर किती दिवसांत, हे सर्व त्यात यावे. मानधन देणे शक्य नसेल तर तेही तिथेच लिहावे. ‘पुढे बघू’ हे उत्तर लेखकाला अपमानास्पद वाटते आणि तसे वाटणे योग्यच आहे. साहित्य पाठवण्यासाठी शुल्क मात्र कधीही घेऊ नये. हस्तलिखिताला नकार देण्यामागे सोय असली, तरी मी तसे करणार नाही. आमच्याकडे आलेल्या सर्वांत चांगल्या दोन कथा फुलस्केप कागदावर, समासात तारखा घातलेल्या अशा आल्या होत्या.

वाचनासाठी तीन माणसे पुरतात. आलेल्या प्रत्येक साहित्याची नोंद एका वहीत करावी: क्रमांक, तारीख, शीर्षक, कोणी वाचले, काय ठरले, कधी कळवले. यातला ‘कधी कळवले’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. लेखकाचे नाव झाकून वाचावे, निदान पहिल्या फेरीत. गावातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सामान्य कविता नाकारण्याचे धैर्य एकट्या संपादकाकडे क्वचितच असते, पण नाव न पाहता तिघांनी नाकारलेली कविता नाकारणे बरेच सोपे जाते.

नकार लेखी, ठरलेल्या मुदतीत आणि शक्य तेवढा नेमका द्यावा. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना जी पत्रे लिहीत, त्यांची आठवण आजही काढली जाते, कारण त्या पत्रांतून कथेचे पुनर्लेखन घडत असे. त्याच ‘सत्यकथे’च्या अभिरुचीविरुद्ध बंड करून अनियतकालिके उभी राहिली, ही गोष्टही विसरू नये, नेमके पत्र लिहिणारा संपादकही चुकू शकतो. आपल्याला तेवढी लांबलचक पत्रे लिहिता येणार नाहीत, पण चार ओळी लिहिता येतात. आम्ही पाठवलेल्या एका पत्राचा मजकूर साधारण असा होता: ‘आपली कथा आम्ही तिघांनी वाचली. वाड्याच्या वाटणीचा पहिला प्रसंग आम्हांला आवडला. वडिलांच्या मृत्यूनंतर कथा निवेदकाच्या मतांकडे वळते आणि तिथे ती आमच्या हातून सुटली. या अंकासाठी आम्ही ती घेत नाही. दुसरे काही लिहिले तर जरूर पाठवावे.’ यातले शेवटचे वाक्य मनापासून वाटत असेल तरच लिहावे. ज्याचे दुसरे काही वाचण्याची इच्छा नाही, त्याला ते लिहून दोघांचाही वेळ दवडू नये.

स्वीकारलेल्या साहित्यात बदल करायचे असतील तर ते छापण्यापूर्वी लेखकाला दाखवावेत. शुद्धलेखनाचे बदल वेगळे आणि वाक्यांचे बदल वेगळे, हा भेद पाळावा. बोलीभाषेतील कथेला साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम लावू नयेत. मालवणी किंवा अहिराणी संवादातला अनुस्वार कुठे ठेवायचा, हे त्या लेखकाला विचारावे आणि एकदा ठरले की शेवटच्या पानापर्यंत तसेच ठेवावे.

हक्कांचा एक कागद

स्वीकृतीबरोबर एक पानाचा करार पाठवावा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनिशी असावे लागते, आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची व प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. छोट्या नियतकालिकाला हस्तांतरणाची गरजच नसते. ‘हे साहित्य एकदा छापील अंकात व त्याच अंकाच्या पीडीएफमध्ये प्रसिद्ध करण्याची परवानगी, बाकी सर्व हक्क लेखकाकडे’ एवढे वाक्य बहुतेक ठिकाणी पुरते. अनुवाद असेल तर मूळ लेखकाची किंवा त्याच्या वारसांची परवानगी अनुवादकाने आणली आहे का, हे पाहावे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क शिल्लक राहतात, त्यामुळे ‘लेखक केव्हाच वारले’ हे कारण चालत नाही. चित्रांच्या बाबतीत आणखी एक गैरसमज सर्रास आढळतो. चित्र विकत घेणाऱ्याकडे कॅनव्हास असतो. त्याची छपाई करण्याचा हक्क साधारणतः चित्रकाराकडेच राहतो. म्हणून संग्राहकाने दिलेला फोटो पुरेसा समजू नये.

अक्षरजुळणी, मुद्रिते आणि एक दर्या

मराठी अंक तयार करताना सर्वाधिक चुका लेखकाच्या फाइलपासून छापखान्याच्या फाइलपर्यंतच्या प्रवासात होतात. अनेक ठिकाणी अक्षरजुळणी अजूनही जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत होते, लेखक युनिकोडमध्ये पाठवतो, आणि मध्ये एका फॉन्टातून दुसऱ्यात मजकूर नेणारा संगणकीय परिवर्तक बसतो. हा परिवर्तक रफार उडवतो, अर्धा य खातो आणि ‘ऱ्य’ व ‘र्य’ यांत गोंधळ घालतो. आमच्या दुसऱ्या अंकात एका कवितेत सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ होत्या. छापून आल्यावर त्यांचा ‘दर्या’ झाला होता. चूक निरर्थक असती तर तिघांपैकी कोणाला तरी दिसली असती. पण ‘धुक्याने भरलेला दर्या’ सुंदर वाटावा असाच होता, कारण परिवर्तनानंतर ‘भरलेल्या’ हे विशेषण आमच्यातल्याच एका दक्ष मुद्रितशोधकाने व्याकरण जुळवण्यासाठी ‘भरलेला’ केले होते. कवीने पत्रात एवढेच विचारले की, त्याच्या गावापासून समुद्र किती लांब आहे हे आम्हांला ठाऊक आहे का.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या, आणि त्या इतरांनीही ठरवाव्यात असे मला वाटते. एक म्हणजे, संपूर्ण अंक पहिल्यापासून युनिकोडमध्येच जुळवायचा. ‘मुक्ता’, ‘शोभिका’, ‘तिरो देवनागरी मराठी’ असे मुक्त परवान्याचे चांगले युनिकोड फॉन्ट आज उपलब्ध आहेत. फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे त्यात येतात का, हे पाहावे. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ही वळणे निश्चित केलेली आहेत, आणि हिंदी वळणाचा ल पानभर दिसला की मराठी वाचकाची नजर अडखळते. दुसरी गोष्ट म्हणजे, शेवटचे मुद्रित, म्हणजे प्रूफ, लेखकाच्या मूळ प्रतीशी ताडून, एकाने मोठ्याने वाचत आणि दुसऱ्याने पाहत तपासायचे. नुसते मुद्रित वाचणाऱ्याला दर्या सापडत नाही. कवितेचे अंतिम मुद्रित कवीकडे जाऊन त्याच्या होकारासह परत आल्याशिवाय ते पान बंद करू नये.

कवितेच्या ओळींचा प्रश्न वेगळा आहे. डेमी आकाराच्या, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या पानावर, समास सोडून, ओळीला जेमतेम सव्वाचार इंच मिळतात. लांब ओळींची कविता तिथे मोडते आणि मोडलेला तुकडा नवी ओळ असल्यासारखा दिसतो. अशा वेळी अक्षर अर्ध्या पॉइंटाने लहान करावे, किंवा मोडलेला तुकडा ठळकपणे आत सरकवावा, किंवा कविता सरळ क्राउन या मोठ्या आकाराच्या अंकासाठी दुसऱ्या कोणाकडे पाठवावी. कवीला न विचारता ओळ तोडणे हा संपादनाचा भाग नव्हे.

कागद, फॉर्म आणि चित्रे

छापखान्यात जाण्यापूर्वी फॉर्मचे, म्हणजे एकत्र छापून घडी घातल्या जाणाऱ्या पानांच्या संचाचे, गणित समजून घ्यावे, कारण त्यामुळे पैसे वाचतात. डेमी आकाराचा एक फॉर्म सोळा पानांचा असतो, म्हणून पृष्ठसंख्या सोळाच्या पटीत ठेवावी. ९८ पाने झाली तर दोन पाने कमी करण्यासाठी एखादी कविता पुढच्या अंकात ठेवणे हे सातवा अपुरा फॉर्म छापण्यापेक्षा शहाणपणाचे असते. ९६ पानांचे सहा फॉर्म होतात. १८ बाय २३ इंची कागदाच्या एका तावावर एक फॉर्म बसतो, आणि २३ बाय ३६ च्या तावावर दोन. तीनशे प्रतींना मोठे नऊशे ताव लागतात. रीम पाचशे तावांचे असल्याने, वाया जाणारे ताव धरून, दोन रीम पुरतात. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) वजनाच्या मॅपलिथोचे, म्हणजे छपाईच्या साध्या, बिनचकाकीच्या कागदाचे, या आकाराचे रीम पावणेएकोणीस किलोच्या आसपास भरते, आणि कागद किलोवर विकला जात असल्यामुळे हा आकडा माहीत असलेल्या ग्राहकाशी व्यापारी थोडा अधिक सरळ बोलतो. पांढऱ्याशुभ्र कागदापेक्षा किंचित पिवळसर ‘नॅचरल शेड’ डोळ्यांना बरा वाटतो आणि मागच्या पानाची अक्षरेही कमी दिसतात.

चित्रांबाबत संपादकाला आपल्या कागदाची मर्यादा ओळखावी लागते. मॅपलिथो शाई पितो. पेनाने काढलेले रेखाचित्र त्याच्यावर उत्तम उठते, पण पाण्याने पातळ केलेल्या शाईच्या करड्या छटा एकमेकींत मिसळून चित्र काळवंडते. जलरंग किंवा तैलचित्र एकरंगी करून आतल्या पानावर छापणे म्हणजे चित्रकाराला निमंत्रण देऊन दारात उभे करण्यासारखे आहे. रंगीत चित्रांसाठी गुळगुळीत आर्ट पेपरची चार किंवा आठ पाने वेगळी छापून घ्यावीत. ती दोन फॉर्मांच्या मध्येच बसवता येत असल्याने कोणत्या पानानंतर येतील, हे जुळणी सुरू होण्याआधी ठरवावे. मूळ चित्र प्रत्यक्ष छपाईच्या आकारात ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलेले असावे. मोबाइलवरून फिरत आलेली प्रतिमा पडद्यावर छान दिसते आणि कागदावर फुटते. चित्राखाली चित्रकाराचे नाव, माध्यम आणि मूळ आकार द्यावा, आणि कथेच्या शेवटी उरलेली मोकळी जागा भरण्यासाठी चित्राचा वापर करू नये. तिथे मोकळी जागाच शोभते.

किती प्रती, किती पैसे

आकडे गावागणिक बदलतील, पण मांडणी अशी करावी. समजा, तीनशे प्रतींना प्रत्येकी ९० रुपयांप्रमाणे २७,००० रुपये खर्च आला आणि किंमत १५० रुपये ठेवली. पंचवीस लेखक-चित्रकारांना दोन-दोन प्रती आणि वीस प्रती अभिप्रायासाठी व अन्य नियतकालिकांशी अदलाबदलीसाठी, म्हणजे सत्तर प्रती विनामूल्य गेल्या. दीडशे वर्गणीदारांकडून २२,५०० रुपये आले, त्यातले ४,५०० टपालावर गेले. पुस्तकांच्या दुकानांतून साठ प्रती खपल्या आणि विक्रेत्याचा तिसरा हिस्सा वजा जाता ६,००० रुपये हातात आले. एकूण २४,००० मिळाले, तूट तीन हजारांची राहिली आणि घरात वीस प्रती उरल्या. आता छापखान्यातून हमखास येणारा सल्ला ऐका: ‘आणखी शंभर घ्या, आता फक्त कागदाचा खर्च आहे.’ हिशेब त्याच्या बाजूने बरोबर असतो, कारण छपाईच्या प्लेट आधीच तयार झालेल्या असतात. पण त्या शंभर प्रतींना वाचक नसतो, आणि चार-पाच हजार रुपये पलंगाखाली जाऊन पडतात. वर्गणीदार दोनशे झाल्याशिवाय तीनशेच्या वर जाऊ नये.

वरची तीन हजारांची तूट मानधनाआधीची आहे. ती भरून काढण्यासाठी मलपृष्ठावर एक जाहिरात घ्यावी, स्थानिक बँकेची किंवा पुस्तकांच्या दुकानाची, आणि तिथेच थांबावे. मानधन मात्र अगदी नाममात्र असले तरी द्यावे, आणि अंकाबरोबरच पोचते करावे. लेखकाच्या दोन प्रती त्याच आठवड्यात टपालात पडाव्यात. आपली कथा छापून आली हे लेखकाला दुसऱ्याकडून कळणे, यासारखा चांगला लेखक गमावण्याचा दुसरा उपाय नाही.

वर्गणी पाच वर्षांची किंवा आजीव घेण्याचा मोह टाळावा. आजीव वर्गणीचे पैसे पहिल्या दोन अंकांत संपतात आणि जबाबदारी उरते. एका वर्षाची वर्गणी घ्यावी आणि ती संपण्याच्या महिनाभर आधी हाताने लिहिलेले पोस्टकार्ड पाठवावे. परदेशातील मराठी वाचकांना टपालखर्च अंकाच्या किमतीपेक्षा जास्त पडतो. त्यांच्यासाठी पीडीएफची निम्म्या दराची वर्गणी ठेवावी.

टपालाचा दर ठरवण्यासाठी अंकाच्या आकाराची कोऱ्या कागदांची नमुना-प्रत बांधून ती टपाल कचेरीत वजनाला द्यावी. वर सांगितलेला अंक कव्हरसह सुमारे १२० ग्रॅम भरतो. वजनाचा टप्पा थोडक्यात ओलांडला जात असेल, तर कव्हरचा कागद हलका करण्याची वेळ तेव्हाच असते. वृत्तपत्रांना मिळणारी स्वस्त टपालाची सवलत त्रैमासिकाला मिळेल, असे गृहीत धरू नये. १८९८ च्या टपाल कायद्यातच त्यासाठी दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नसण्याची अट होती.

नोंदणी

नियतकालिकांच्या नोंदणीसाठी १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा आला आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. अर्ज आता सरकारच्या ‘प्रेस सेवा’ या संकेतस्थळावरून करता येतो. नाव निवडताना मराठीत देशभर आणि अन्य भाषांत आपल्या राज्यात तेच किंवा तत्सम नाव आधी नोंदलेले नाही ना, हे पाहावे लागते, त्यामुळे चार-पाच पर्याय तयार ठेवावेत. मराठीतली छोटी, सुटसुटीत नावे बहुतेक कोणी ना कोणी घेऊन ठेवलेली असतात. कायद्यातील व्याख्या सार्वजनिक वृत्त आणि त्यावरील भाष्य यांच्याभोवती बांधलेली आहे. निव्वळ कथा-कवितांचा अंक तिच्यात कसा बसतो, हे वकिलाला एकदा विचारून घ्यावे आणि त्यासाठी पहिल्या अंकाची वाट पाहू नये. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे आणि मुद्रणस्थळ प्रत्येक अंकावर छापावे. आयएसएसएन हा नियतकालिकाच्या ओळखीचा आठ अंकी क्रमांक दिल्लीतील राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो. ग्रंथालयांच्या नोंदीसाठी तो उपयोगी पडतो. मात्र तो छापला की प्राध्यापकांचे शोधनिबंध येऊ लागतात. ते नम्रपणे परत करावेत.

प्रत्येक अंकाच्या दहा प्रती आणि अंतिम पीडीएफ दोन वेगवेगळ्या घरांत जपून ठेवावी. १९६० च्या दशकातील कित्येक अनियतकालिकांचे अंक आज एखाद्या संग्राहकाच्या कपाटाबाहेर मिळत नाहीत, आणि ते काढणाऱ्यांकडेही बहुधा नव्हतेच. जिल्हा ग्रंथालयाला आणि जवळच्या विद्यापीठाच्या मराठी विभागाला एकेक प्रत स्वतः नेऊन द्यावी व पोच घ्यावी.

कधीतरी बंद करण्याची वेळ येईलच. ‘सत्यकथा’सुद्धा १९८२ मध्ये थांबले. त्या दिवसासाठी वर्गणीदारांच्या वहीत प्रत्येक नावापुढे ‘किती अंक देणे बाकी’ हा रकाना सुरुवातीपासून भरत जावा. आम्ही थांबलो तेव्हा एकेचाळीस जणांचे पैसे परत करायचे होते. सदतीस जणांना ते पोचले, आणि उरलेल्या चौघांनी ते घ्यायला नकार देऊन त्याऐवजी जुने अंक मागवले, त्यामुळे पलंगाखालच्या प्रतींपैकी बाराच शिल्लक राहिल्या.